पूरग्रस्तांसाठी कॉलेजात आवाहन करताय? या चुका टाळा

ऑगस्ट २०१९. कोल्हापूर, सांगली पाण्याखाली होती आणि इकडे गोव्यात तिळारी धरणाचं पाणी डिचोलीतल्या साळ गावात शिरलं होतं. कॉलेजच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला, "पूरग्रस्तांसाठी जमेल तशी मदत करा." दोन दिवसांत एक वर्ग कपड्यांनी भरला. त्यात शेरवानी निघाली, एकाच पायाचा बूट निघाला. पोरं तीन दिवस निवडत बसली. टेंपो ठरवला तेव्हा कळलं, कोल्हापूरजवळ महामार्गच बंद आहे.

पोरांचं काही चुकलं नव्हतं, मेसेज चुकला होता. 'जमेल तशी' वाचलं की माणूस कपाट रिकामं करतो.

आवाहन आधी, चौकशी नंतर

आधी फोन करा. सरपंच, मामलेदार कचेरी आहेच, पण खरी खबर आपल्याच वर्गात बसलेली असते. सत्तरी, डिचोली, पेडण्याची मुलं कॉलेजात असतात, दोडामार्ग-सावंतवाडीकडचीही असतात. त्यांना विचारा, रस्ता चालू आहे का, वस्तीत काय हवंय. पाणी ओसरलं की घरात चिखल उरतो. तेव्हा खोरी, घमेली, खराटे, बादल्या, फिनेल, ब्लीचिंग पावडर, नव्या चादरी आणि सॅनिटरी पॅड लागतात. पॅडचं नाव यादीत लिहायला लाजू नका, नाहीतर ते कोणी आणत नाही.

मग मेसेज असा जातो: "४० बादल्या, ४० खराटे, शुक्रवारी दुपारपर्यंत, स्टाफरूमशेजारी." आकडा भरला की घेणं बंद. नाही म्हणायला जड जातं, पण गोदाम सांभाळण्यापेक्षा ते बरं.

आणि ज्या मुलाला आपण खबर विचारतो, त्याचंच घर पाण्यात असू शकतं. २०२१ च्या जुलैत सत्तरीत घरं पडली. अशा वेळी वर्गात डबा फिरवण्याआधी कोणाची पुस्तकं, कागदपत्रं, लॅपटॉप गेले ते बघावं, आणि तेही चारचौघांत नाही, बाजूला घेऊन.

पैसे एकाच्या खात्यावर

उत्साही विद्यार्थी स्वतःचा क्यूआर कोड टाकतो. त्याच्या मनात काही नसतं, पण आठवड्यात कुजबुज सुरू होते. संस्थेचं खातं, दोघांच्या सह्या, आणि रोज संध्याकाळी जमा-खर्च ग्रुपवर. एवढी सोय नसेल तर लोकांना थेट मुख्यमंत्री सहायता निधीत भरायला सांगा. प्राध्यापकांना एक गोष्ट आधीच सांगावी: देणगीवर आयकरात जी सवलत मिळते, ती २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला नसते.

एक दिवसाचा पगार कापण्याचं परिपत्रक काढत असाल तर लेखी संमती घ्या. लेक्चर बेसिसवरच्या, म्हणजे तासागणिक पैसे मिळणाऱ्या शिक्षकांना तर त्यातून वगळाच. त्यांच्या बिलाची वाट बघणं ही वेगळीच आपत्ती आहे.

पोरांना लगेच गावात पाठवणं

एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास भरायचे असतात, म्हणून बस भरते. चपला घालून चिखलात उतरलेला मुलगा लेप्टो (दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) घेऊन परत येऊ शकतो. गमबूट, हातमोजे, पालकांची परवानगी, आणि प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते डॉक्टरला विचारून. निवडणं, मोजणं, हिशेब लिहिणं यालाही तास द्या, म्हणजे फोटोपुरते येणारे आपोआप गळतात.

पहिल्याच आठवड्यात सगळं संपवणं

ही चूक मला सर्वात उशिरा कळली. पहिल्या आठवड्यात बिस्किटांचे पुडे उतू जातात आणि चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी लागली की गोळा करणारे गावी जातात. २०१९ मध्ये चवथ २ सप्टेंबरला होती. नेमकं तेव्हाच पूर आलेल्या घरांत भिंतींना ओल होती, विजेचे मीटर बंद होते आणि गणपती कुठे बसवायचा हा प्रश्न होता. म्हणून आता आम्ही जमलेल्या पैशांतला निम्मा भाग मुद्दाम हातचा राखतो. चवथीआधी पंधरा दिवस गावाची खबर देणाऱ्या त्याच मुलाला पुन्हा फोन करतो. गेल्या खेपेला तो म्हणाला, "सर, काही नको, एक वायरमन पाठवा."