माणूस आणि संगणक मिळून वाट आखतात तेव्हा: खेळातून प्रयोग कसा उभारावा

रोबोने अडथळ्यांना न धडकता एका जागेहून दुसऱ्या जागी कसे जावे, हे ठरवण्याला गतिनियोजन म्हणतात. हे काम माणूस आणि संगणक मिळून कितपत चांगले करतात ते तपासायचे असेल, तर खरा रोबो आणण्याआधी पडद्यावरचा एक साधा खेळ तयार करावा. खेळात तोच नकाशा आणि संगणकाची तीच चूक प्रत्येक सहभागी व्यक्तीसमोर हुबेहूब मांडता येते.

सर्वाधिक वेळ नकाशांना द्यावा. संशोधक स्टीव्हन लाव्हाल यांनी १९९८ मध्ये मांडलेली आरआरटी ही मार्ग शोधण्याची पद्धत स्वैरपणे बिंदू निवडते आणि त्यांच्या दिशेने फांद्या वाढवत झाड उभारते. मोकळ्या जागेत हे झाड झपाट्याने पसरते; परंतु दोन भिंतींमध्ये अरुंद फट असेल, तर तिच्यात बिंदू पडण्याची शक्यताच कमी असल्याने ते बराच वेळ अलीकडेच अडून राहते. माणसाला ती फट पाहताक्षणी दिसते. उलट, खेळात रोबोच्या जागी असलेला लांबट तुकडा त्या फटीतून नेताना नेमका किती अंशांत वळवावा, याचा माणसाचा अंदाज सहज चुकतो आणि संगणक टक्कर अचूक तपासतो. नकाशांत या दोन्ही अडचणी असाव्यात, कारण केवळ मोकळी मैदाने ठेवली तर संगणक एकटाच जिंकतो आणि सहकार्याविषयी काहीच कळत नाही.

मग अधिकार कोणाकडे, ते ठरवावे. शेरिडन आणि व्हरप्लँक या संशोधकांनी १९७८ मध्ये स्वयंचलनाच्या दहा पातळ्या मांडल्या. त्यांतील दोन-तीन पुरतात. उदाहरणार्थ, एका फेरीत संगणक अनेक मार्ग सुचवेल, दुसरीत एकच मार्ग सुचवून होकाराची वाट पाहील आणि तिसरीत ठरावीक वेळात नकार न आल्यास स्वतःच निघेल. एका फेरीत दोन पातळ्या मिसळू नयेत.

संगणकाला काही वेळा मुद्दाम चुकू द्यावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. एखादा अडथळा खेळाडूला दिसावा, पण संगणकाच्या नकाशात नसावा. सूचना चुकू शकतात हे खेळाडूंना आधीच सांगावे, मात्र कुठे ते सांगू नये. प्रत्येक सूचना बरोबर होती की चूक, आणि ती स्वीकारली की नाकारली, या दोन्हींची नोंद एकत्र ठेवावी. नुसते स्वीकाराचे प्रमाण पाहिले, तर चुकीच्या सूचनेवरचा आंधळा भरवसा आणि बरोबर सूचनेवरचा रास्त भरवसा वेगळे ओळखता येत नाहीत.

जोडीची तुलना एकट्या माणसाशी आणि एकट्या संगणकाशी अशी दोन्हींशी करावी. जोडी त्या दोघांतील सरसापेक्षा मागे पडू शकते. खेळाडू खेळता खेळता शिकतात, म्हणून फेऱ्यांचा क्रम व्यक्तीगणिक बदलावा. प्रत्येक प्रकारच्या फेऱ्या संपल्यावर नासा-टीएलएक्स ही सहा घटकांची प्रश्नावली देऊन मानसिक भार मोजावा.

आरआरटी स्वैर अंकांवर चालते, त्यामुळे त्या अंकांचे बीज (सीड), म्हणजे ज्यापासून ते अंक तयार होतात तो सुरुवातीचा आकडा, प्रत्येक नकाशासाठी ठरवून जपून ठेवावे. शोध सेकंदांवर न थांबवता बिंदूंच्या संख्येवर थांबवावा. अन्यथा वेगवान संगणकावर बसलेल्या खेळाडूला निराळाच मार्ग सुचवला जाईल, आणि दोन खेळाडूंनी एकच खेळ खेळला असे म्हणता येणार नाही.