जुने गोवे एका दिवसात: आमच्या पाहुण्यांच्या चुका तुम्ही करू नका

मी पणजीत राहते. त्यामुळे दिवाळीत आणि मे महिन्यात आमच्या घराची धर्मशाळा होते. सांगली-कोल्हापूरचे पाहुणे येतात आणि चहा संपायच्या आत बेत ठरतो: सकाळी समुद्र, मग 'ती दोन चर्च', मंगेशी, शांतादुर्गा, जमलं तर मसाल्याची बाग, संध्याकाळी मांडवीत बोट. 'ती दोन चर्च' म्हणजे जुने गोवे. १५३० पासून पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या मुलखाची ही राजधानी होती. गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहायची गरज नाही, अशी पोर्तुगीजांतच म्हण होती. आपण तिला चाळीस मिनिटं देतो, तीही भर बारा वाजता.

समुद्र आधी, शहर नंतर

ही पहिली चूक. समुद्र संध्याकाळीही तिथेच असतो. जुन्या गोव्यात मात्र दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत सावलीच नाही, आणि ऑक्टोबरच्या उन्हातही चिरा तव्यासारखा तापतो. नऊच्या सुमारास पोचा. शुक्रवार टाळा, कारण पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. रविवारी सकाळी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, मिसा (सामूहिक प्रार्थना) चालू असते, तेव्हा कॅमेरा गळ्यात घालून मधे शिरणं बरं दिसत नाही. ३ डिसेंबरला सेंट झेवियर या धर्मप्रचारक संताचं फेस्त, म्हणजे सण. त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना (रोजची प्रार्थना) असते. गर्दी आवडत असेल तर तेव्हा या. जत्रा असते, खाजं ही मिठाई मिळते. इमारती नीट पाहायच्या असतील तर दुसरे दिवस निवडा.

उलटीकडून सुरुवात

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. गाडी बॉम जेझूस बासिलिकाजवळ, म्हणजे झेवियरचं शव आहे त्या चर्चजवळ, लागते म्हणून सगळे बासिलिकात शिरतात, समोरचं से कॅथेड्रल उरकतात आणि परत गाडीत बसतात. त्याऐवजी गांधी सर्कलवरून खाली फेरीबोटीच्या धक्क्याकडे चालत जा आणि तिथून पाठ फिरवून वर या. पूर्वी शहरात येणारा माणूस नदीतूनच यायचा. वाटेत व्हाइसरॉयची कमान लागते. ती वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिश्कु द गामा याने बांधली, आज दिसते ती १९५४ साली पुन्हा उभारलेली. नवा व्हाइसरॉय तिच्याखालून मिरवत शहरात शिरायचा. कमानीच्या शहराकडच्या बाजूला, मान वर करून पाहिलंत तर, एक बाई हातात तलवार घेऊन उभी आहे आणि तिच्या पायाखाली एक माणूस आडवा पडलाय. तो इथलाच हरलेला माणूस, हे वेगळं सांगायला नको.

पुढे सेंट कॅजेटनची घुमटाची इगर्ज. तिच्या आवारात काळ्या दगडाची एक चौकट उभी असते, नुसती चौकट, मागेपुढे काहीच नाही. लोक तिला टेकून फोटो काढतात. ती आदिलशहाच्या वाड्याची म्हणतात, म्हणजे १५१० साली अल्बुकर्कने शहर घेतलं त्याच्या आधीची. या क्रमाने आलात की से कॅथेड्रलचा आकार एवढा का, हे आपोआप समजतं. ते बांधायला १५६२ साली घेतलं. एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, म्हणून दर्शनी भाग एका खांद्याने झुकल्यासारखा दिसतो.

मागच्या वर्षी माझी मावशी इथेच थांबली आणि म्हणाली, "अगं, देवळं एवढी मोठाली, मग माणसं राहायची कुठं?"

इतका चांगला प्रश्न मला दुसऱ्या कुठल्याही पाहुण्याने विचारलेला नाही. घरं गेली. साथी आल्या, विहिरींचं पाणी बिघडलं, माणसं मेली, उरलेली पांगली. व्हाइसरॉयच १६९५ मध्ये जवळच्या पाणेली गावी आणि १७५९ मध्ये पणजीला राहायला गेला. पडक्या वाड्यांचा दगडही पणजीच्या बांधकामाला गेला. १८४३ साली राजधानी कागदोपत्रीही पणजी झाली. से कॅथेड्रलसमोरची हिरवळ म्हणजे पूर्वीचे रस्ते, बाजार, परसं. हे डोक्यात ठेवून चाललात तर रिकामी जागाही पाहण्यासारखी वाटते.

चपला, टोप्या आणि 'ती ममी'

मावशीने बासिलिकाच्या दारात सवयीने चपला काढल्या. मी आत होते, मला कळलंच नाही. बाहेर आलो तोवर ऊन वर चढलेलं आणि चपला कुणीतरी नीट बाजूला, भर उन्हात सरकवून ठेवलेल्या. पाय टाकला आणि "आई गं!" इगर्जीत चपला काढत नाहीत, डोक्यावरची टोपी मात्र काढतात. हाफ पँट आणि बिनबाह्यांच्या कपड्यांवर दारात अडवतात, म्हणून पिशवीत एक ओढणी असू द्या.

आत गेल्यावर 'ममी कुठाय?' असं मोठ्याने विचारू नका. लोक प्रार्थना करत असतात. झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. त्याचं शव चांदीच्या पेटीत, उंच संगमरवरी चौथऱ्यावर आहे. पेटी गोव्याच्या कारागिरांची, चौथरा इटलीतल्या टस्कनीच्या ड्यूककडून आलेला. शवदर्शन दहा वर्षांतून एकदा होतं आणि मागचं जानेवारी २०२५ मध्ये संपलं. त्यामुळे सध्या माना उंच करून चेहरा शोधण्यात अर्थ नाही. बाहेर येऊन दर्शनी भागावरचं काळ्या दगडाचं कोरीव काम बघा. तो दगड वसईकडून आणलेला.

आणि संभाजीराजांची आठवण इथेच काढायची. १६८३ च्या नोव्हेंबरात मराठे समोरच्या जुवे बेटावर उतरले तेव्हा घाबरलेल्या व्हाइसरॉयने झेवियरच्या पेटीशी येऊन आपला राजदंड ठेवला आणि शहर वाचवायचं साकडं घातलं. मोगल फौज मागे आल्यामुळे राजांना परतावं लागलं. आमचे काका ही गोष्ट ऐकून दहा मिनिटं गप्प होते, आणि काका कधी गप्प नसतात.

मनोरा राहून जातो

टेकडीवरचा सेंट ऑगस्टीनचा मनोरा 'लांब आहे' म्हणून सगळे सोडतात. तो चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. ४६ मीटर उंचीचा मनोरा, आता अर्धाच उभा. मठ १८३५ मध्ये ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं. याच ढिगाऱ्यात जॉर्जियाच्या केतेवान राणीची हाडं मिळाली, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून खात्री झाली आणि २०२१ मध्ये त्यांतला काही अंश भारताने जॉर्जियाला दिला. पावसाळ्यात इथल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. गुळगुळीत तळाच्या सँडलने चढू नका, उतरताना माणूस बसतोच.

जेवण आणि रस्ता

जेवायला पणजीला या, पण दोनच्या आत. तीननंतर माशांच्या ताटाची खाणावळ आवरायला लागते आणि जुनी दुकानंही दुपारी बंद असतात. येताना मोबाइलचा नकाशा हमरस्त्याने पाठवेल, त्याचं ऐकू नका. रायबंदरवरून या. नदीकाठाने येणारा तो सखल बांध १६३० च्या दशकातला आहे आणि आजही त्यावरून बस धावते. स्वतःची गाडी नसेल तर पणजीच्या कदंबा बस स्टँडवरून "ओल्ड गोवा, फोंडे!" ओरडणाऱ्या कुठल्याही बसमध्ये बसा. भाड्याची स्कूटर घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची 'ओळखीतली' गाडी घेऊन पोलिसाशी ओळख होते.

बेत फसलाच तर

बारालाच पोचलात? थेट संग्रहालयात शिरा. आत गार असतं, आणि जहाजांची लढाई कोरलेला कदंबकाळचा वीरगळ बघायला सहसा कुणी थांबत नाही. शुक्रवार निघाला? मग मनोऱ्याला जास्त वेळ द्या. मंगेशी आणि शांतादुर्गा त्याच दिवशी कोंबू नका. पोर्तुगीज देवळं पाडत होते म्हणून ती देवस्थानं नदीपलीकडे गेली, आणि त्याच पोर्तुगीजांचं शहर तुम्ही सकाळभर पाहिलेलं असतं. त्यांना वेगळी सकाळ द्या.

आणि तासभर उरलाच तर कमानीखालून परत धक्क्यावर जा आणि दिवाडीची फेरीबोट धरा. सप्तकोटेश्वर हा महादेव मूळचा त्याच दिवाडी बेटावरचा. पुढे पलीकडे नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ पुन्हा उभारायला लावलं. मावशीला मी हे बोटीत सांगितलं. तिने काठावर दिसणाऱ्या मनोऱ्यांकडे पाहिलं, चपला काढल्या आणि पाय गार लोखंडावर टेकले. "आता बरं वाटतंय," म्हणाली.