एकाच टाकीत अनेक रॅस कसे ठेवावेत

खाऱ्या पाण्याच्या टाकीत दिवसभर हालचाल आणि रंग हवा असेल, तर रॅससारखा मासा नाही. या कुळात ५०० हून अधिक जाती आहेत, तरी बरेच जण भांडणाच्या भीतीनं एकाच रॅसवर समाधान मानतात. भीती खोटी नाही. पण रॅस भिडतो तो मुख्यतः आपल्यासारख्याच दिसणाऱ्या माशाशी आणि आपल्यानंतर टाकीत आलेल्याशी. हे ध्यानात ठेवून आखणी केली, तर चार-पाच रॅस एका टाकीत छान नांदतात.

पायरी १: जाती निवडा

चार फूट लांबीची, साधारण ३०० लिटरची टाकी धरून चालू. रॅसना पोहायला आडवी जागा लागते, म्हणून उंच टाकीपेक्षा लांब टाकी बरी.

सुरुवात फेअरी आणि फ्लॅशर रॅसपासून करावी. दोन्ही पाण्यातले सूक्ष्म जीव टिपून खातात, प्रवाळाला तोंड लावत नाहीत. प्रत्येक जातीचा एकच नर घ्या आणि दोन जातींचे नर रंगानं, अंगलटीनं जितके वेगळे तितकं चांगलं. एकाच जातीचा जथा हवा असेल तर लहान माद्या एकदम सोडा. रॅस मादी म्हणून वाढतात आणि त्यातली वरचढ मादी पुढे नर होते, त्यामुळे नर वेगळा आणायची गरज बहुधा पडत नाही.

त्यांच्या जोडीला हॅलिकोरेस गटातला एखादा ठेवा. पिवळाधमक कॅनरी रॅस मला सगळ्यात भरवशाचा वाटतो: स्वभावानं शांत, दिवसभर खडक आणि वाळू चाळत बारीक किडे वेचत राहतो. मात्र या गटातले मोठे मासे छोटी कोळंबी आणि नळीत राहणारे कृमी गट्ट करू शकतात. लेपर्ड रॅस देखणा खरा, पण खडकांवर सूक्ष्म जीवांची भरपूर पैदास झालेली, मुरलेली टाकी असेल तरच घ्यावा. नव्या टाकीत तो उपाशी मरतो.

काही मासे मात्र टाळाच. यलोटेल कोरिसचं पिल्लू नारिंगी-लाल, पाठीवर काळ्या कडेचे पांढरे ठिपके; पाहताक्षणी कुणालाही मोह पडेल. तेच पुढे ४० सेंटीमीटरपर्यंत वाढतं. क्लीनर रॅस जगतो तो प्रामुख्यानं इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन, त्यामुळे घरच्या टाकीत त्याची बहुतेक वेळा उपासमार होते. आणि सिक्स-लाइन रॅस बोटाएवढा असला तरी नव्यानं आलेल्या प्रत्येकाच्या मागे लागतो.

पायरी २: झोपायची सोय

रॅस घेताना तो रात्री कुठे झोपतो हे आधी विचारा. हॅलिकोरेस आणि लेपर्ड वाळूत झोपतात. संध्याकाळी, दिवे मालवायच्या आधीच, डोकं खुपसून एका झटक्यात आत शिरतात. त्यांच्यासाठी बारीक वाळूचा ५ ते ८ सेंटीमीटरचा थर हवा. खडबडीत खडीनं अंग खरचटतं. फेअरी आणि फ्लॅशर खडकांच्या कपारीत शिरून स्वतःभोवती चिकट, पारदर्शक कोश विणतात. सकाळी त्याचे तुकडे पाण्यात तरंगताना दिसले तर तो आजार समजू नका. माशांच्या संख्येपेक्षा कपारी जास्त ठेवा, म्हणजे रात्रीच्या जागेवरून तंटा होत नाही.

पायरी ३: झाकण

यात तडजोड नको. घाबरला, कुणी पाठलाग केला, अचानक अंधार झाला की रॅस उडी मारतो, आणि वायरसाठी सोडलेल्या फटीतूनही अचूक बाहेर पडतो. ६ मिलीमीटर छिद्रांची जाळी चौकटीत ताणून बसवा, कोपरे आणि ओव्हरफ्लोची (टाकीतलं पाणी काठावरून बाहेर पडतं त्या जागेची) बाजूसुद्धा झाका. दिवे हळूहळू मंद होतील अशी सोय करा.

पायरी ४: क्रमानं सोडा

नवा मासा आधी वेगळ्या टाकीत काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवा. वाळूत झोपणारा असेल तर तिथेही वाळू भरलेलं भांडं द्या, नाहीतर तो काचेच्या तळावर तोंड आपटत राहतो.

मुख्य टाकीत सगळ्यात बुजरा पहिला, सगळ्यात दांडगा शेवटी. म्हणजे लेपर्ड आणि फ्लॅशर आधी, मग कॅनरी, मग मोठे फेअरी. सिक्स-लाइन हवाच असेल तर सगळ्यांच्या मागून, मोठ्या टाकीतच. उलट क्रमानं गेलात तर दांडगा मासा अख्खी टाकी आपली मानून बसतो.

पायरी ५: पेटीतून ओळख

नवा मासा थेट सोडू नका. छिद्रं असलेल्या पारदर्शक पेटीत घालून ती टाकीतच टांगा आणि तीन-चार दिवस तिथेच खायला द्या. जुने मासे काचेवर धडका मारायचे थांबले की सोडा. त्यानंतर वाळूत झोपणारा मासा काही दिवस दिसेनासा झाला तर वाळू उकरू नका. प्रवासानं त्याचं दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडलेलं असतं; तो भलत्या वेळी झोपतो आणि हळूहळू वेळेवर येतो.

पायरी ६: खायला घाला, लक्ष ठेवा

रॅसना दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं खायला द्या. मायसिस आणि ब्राइन श्रिंप (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव), बारीक चिरलेली कोळंबी आलटून पालटून द्या. पोट भरलेला मासा कमी भांडतो. खाऊ टाकीच्या दोन टोकांना टाका, म्हणजे दबलेल्यालाही घास मिळतो.

नर पंख ताठ पसरून, रंग झळकवत एकमेकांना प्रदक्षिणा घालतात तेव्हा काळजी नको. तो तोरा आहे, आणि त्यामुळेच त्यांचे रंग टिकतात. पण एखादा मासा पंख मिटून वरच्या कोपऱ्यात थांबला, खायला येईनासा झाला किंवा शेपटी फाटलेली दिसली, तर त्याच दिवशी हालचाल करा. अशा वेळी पेटीत मार खाणाऱ्याला नव्हे, मारणाऱ्याला ठेवा. आठवडाभरात दुसरा सावरतो, टाकीत आपली जागा धरतो. मग बाहेर आलेल्या दांडगटालाच नव्यानं जुळवून घ्यावं लागतं. तरीही पाठलाग सुरूच राहिला, तर त्याला दुसरी टाकी शोधा.