लांबच्या फ्लाइटला छोटं पोर सोबत असेल तर शेवटचे तीन तास आधी राखून ठेवा

दीड-दोन-अडीच वर्षांचं पोर घेऊन दहा-बारा तासांची फ्लाइट करायची म्हटलं की आपण सगळे पहिल्यांदा खेळण्यांची यादी करायला बसतो. यादी हवीच, पण त्यातलं काय कधी बाहेर काढायचं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बरेच आईबाप पहिल्या दोन तासांतच सगळं वापरून टाकतात, नवीन खेळणी, टॅब, आवडता खाऊ आणि स्वतःची ताकद पण. आणि पोराला खरं जड जातं ते शेवटी, कारण तेव्हा त्याला अर्धवट झोपेतून उठवलेलं असतं, कानात दडे बसलेले असतात, बेल्टमधून सुटता येत नसतं, आणि उतरल्यावर परत इमिग्रेशनची रांग आणि बॅगांची वाट बघणं असतंच. त्यामुळे प्लॅनिंग शेवटाकडून सुरू करा, म्हणजे शेवटच्या तीन तासांना जे लागेल ते आधी बाजूला काढून ठेवायचं आणि उरलेल्यात सुरुवात आणि मधला वेळ भागवायचा. पुढचं सगळं ह्याच हिशोबाने लिहितेय.

आधी तिकिटाचं बघू. बहुतेक विमान कंपन्या २ वर्षांच्या आतल्या मुलाला मांडीवर घेऊन बसू देतात आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं भाडं साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के आणि वर टॅक्स असं असतं. २ पूर्ण झाली की स्वतःची सीट घ्यावीच लागते. जाताना पावणेदोन वर्षांचं असलेलं पोर परत येईपर्यंत दोनचं होणार असेल तर परतीचं तिकीट सीटसकट काढावं लागतं, हे खूप जणांच्या लक्षातच येत नाही, तेव्हा वाढदिवस आणि परतीची तारीख शेजारी-शेजारी ठेवून बघा.

पण माझं मत विचाराल तर चालतं-फिरतं मूल असेल आणि बजेटमध्ये बसत असेल तर दोनच्या आत असलं तरी सीट घ्या. एक तर दहा तास मांडीवर अकरा-बारा किलो वजन म्हणजे ना तुम्हाला झोप ना त्याला. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, विमान अचानक जोरात हादरलं तर हातात धरलेलं मूल कितीही घट्ट धरलं तरी सुटू शकतं, म्हणूनच अमेरिकेची एफएए, म्हणजे तिथली विमान वाहतूक बघणारी सरकारी संस्था, सुद्धा मांडीपेक्षा स्वतःच्या सीटवर, मान्यता असलेल्या कार सीटमध्ये मूल बसवा असंच सांगते. कार सीट न्यायची तर ती विमानात चालते असं तिच्यावरच्या लेबलवर लिहिलेलं आहे का बघा, रुंदी विमानाच्या सीटमध्ये मावते का ते कंपनीला विचारा, आणि ती शक्यतो खिडकीलाच लावायला सांगतात. एवढं धूड वागवायचं नसेल तर केअर्स नावाचा पट्ट्यांचा हार्नेस मिळतो, साधारण १० ते २० किलो वजनाच्या आणि १०० सेंटीमीटरपर्यंत उंचीच्या मुलांसाठी, तो सीटच्या पाठीला अडकवतात आणि हातातल्या पिशवीत मावतो. एफएएची त्याला मान्यता आहे, पण तुमची विमान कंपनी चालवून घेते का हे तिकीट काढतानाच विचारून ठेवा.

बॅसिनेट, म्हणजे समोरच्या भिंतीला लावतात तो बाळाचा छोटा पाळणा, मागायचं का, तर छोट्या बाळाला जरूर मागा, पण पळायला लागलेल्या पोराला ते बहुतेक पुरत नाही, वजनाची आणि लांबीची मर्यादा असते आणि सीट बेल्टचा दिवा लागला की झोपलेलं मूल उचलून घ्यावंच लागतं. बॅसिनेट लागतं त्या पुढच्या भिंतीजवळच्या सीट्सना पाय ठेवायला जागा मोठी असते म्हणून सगळे त्यावर टपलेले असतात, पण तिथे ट्रे आणि स्क्रीन हाताच्या दांडीत असल्यामुळे दांडी वर होत नाही, म्हणजे पोराला आडवं करता येत नाही, आणि टेकऑफ-लँडिंगला पायाशी बॅग पण ठेवू देत नाहीत. मी तरी साधी रांग घेईन, खिडकी आणि तिच्या शेजारची, दांडी वर करायची, डोकं मांडीवर आणि पाय खिडकीकडे, मस्त झोपतात. आयलच्या, म्हणजे मधल्या वाटेला लागून असलेल्या, सीटवर मात्र मूल अजिबात बसवू नका. गरम चहा-कॉफी तिथूनच पुढे दिली जाते, आणि बाहेर आलेला छोटा हात किंवा पाय ट्रॉली ढकलणाऱ्याला दिसत नाही.

वेळ निवडता येत असेल तर लांबच्या पल्ल्याला रात्रीची फ्लाइट. मध्ये थांबा असेल तर दोन-तीन तासांचा बरा, पोर मोकळं पळतं, डायपर नीट बदलता येतो. तासाभराच्या कनेक्शनच्या नादी लागू नका, पोराला कडेवर घेऊन टर्मिनल बदलणं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो.

कागदपत्रं पटकन सांगते. मुलाचा स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि लागत असेल तिथे व्हिसा पण, बरेच देश पासपोर्ट अजून ६ महिने व्हॅलिड असावा असं बघतात आणि मुलांचे पासपोर्ट लवकर संपतात म्हणून तारीख आत्ताच बघा. आई किंवा बाबा एकटेच मुलाला नेत असतील तर दुसऱ्याचं सहीचं संमतीपत्र जवळ ठेवा, काही देशांत विचारतात, आडनावं वेगळी असतील तर जन्मदाखल्याची कॉपी पण.

आता बॅग. बॅगा दोन करा. एक छोटी, पायाशी राहणारी, तिच्यात टेकऑफपासून झोपेपर्यंतचं सगळं. दुसरी वरच्या कप्प्यात, आणि ती उतरायच्या तीन तास आधीपर्यंत उघडायची नाही म्हणजे नाही. ह्या दुसऱ्या बॅगेत पोराने कधी न पाहिलेलं एखादं खेळणं, त्याचा सगळ्यात लाडका खाऊ, धुतलेले कपडे, ३-४ डायपर, वाइप्सचं नवीन पाकीट, आणि तुमच्यासाठी एक टी-शर्ट. हो, तुमच्यासाठी पण, कारण पोराने दूध ओकलं तर निम्मं तुमच्या अंगावर येतं आणि पोराचे तीन जोड घेणारे लोक स्वतःचा एक घेत नाहीत. दोघं असाल तर दुसरी बॅग कधी उघडायची हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर पहिल्या रडण्यालाच एक जण हात घालतो.

डायपर एकूण प्रवासाला, म्हणजे घरातून निघाल्यापासून मुक्कामाला पोचेपर्यंत, दर दोन तासांना एक असा हिशोब धरा आणि वर चार-पाच जास्त, फ्लाइट लेट होतातच. शी-शू सांगायला नुकतंच शिकलेलं मूल असेल तरी प्रवासापुरता पुल-अप, म्हणजे चड्डीसारखा चढवायचा डायपर, घाला, बेल्टचा दिवा लागल्यावर अर्धा तास उठता येत नाही आणि विमानातल्या फ्लशचा आवाज एवढा मोठा असतो की कित्येक मुलं एकदा घाबरली की परत त्या टॉयलेटमध्ये यायलाच तयार होत नाहीत. आधी मुलाला बाहेर काढा, मग फ्लश करा. डायपर बदलायची फळी सगळ्या टॉयलेटमध्ये नसते, कुठल्यात आहे ते क्रूला चढल्या-चढल्या विचारून घ्या.

सिक्युरिटीला हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी पातळ पदार्थांची बाटली नको हा नियम बाळाच्या दूध-पाणी-खाण्याला आणि औषधाला बऱ्याच ठिकाणी प्रवासापुरत्या प्रमाणात शिथिल असतो, फक्त ते वेगळं काढून आपणहून दाखवायचं. पॉवर बँक केबिनमध्येच ठेवायची, चेक-इन बॅगेत चालत नाही. विमानात लहान मुलांचं जेवण हवं असेल तर बहुतेक कंपन्यांना निदान २४ तास आधी सांगावं लागतं, पण त्याच्यावर विसंबून राहू नका कारण ते पोराच्या भुकेच्या वेळेला येत नाही. खाऊ कोरडा, हळूहळू खाता येणारा, कमी साखरेचा असा न्या. शेंगदाणे-सुकामेव्याचे अख्खे दाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं नकोत, घशात अडकायची भीती असते आणि विमानात तर जास्तच सांभाळायला हवं. ताजी फळं नेलीत तर विमानातच संपवा, बऱ्याच देशांत ती आत न्यायला बंदी असते आणि दंड होऊ शकतो.

लवकर बोर्डिंग मिळतं म्हणून सगळे एकदम आत जाऊ नका. दोघं असाल तर एकाने बॅगा घेऊन पुढे जायचं, जागा पुसून-लावून घ्यायची, आणि दुसऱ्याने पोराला बाहेर शेवटच्या कॉलपर्यंत पळवायचं, चढू दे, उतरू दे, दमू दे. दारं बंद व्हायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास सीटवर कोंडून घेतला तर तो प्रवासात मोजलाच जात नाही पण पोराचा धीर तेवढा संपतो.

कानांचं नीट समजून घ्या. नाकामागून कानापर्यंत जी नळी असते ती लहान मुलांची अरुंद आणि आडवी असते, गिळलं की ती उघडते आणि दाब सारखा होतो. म्हणून टेकऑफला आणि उतरताना काहीतरी चोखायला-गिळायला द्यायचं, अंगावरचं दूध, बाटली, सिपर, काहीही. चढताना त्रास कमी होतो, उतरताना जास्त, आणि खाली यायला सुरुवात लँडिंगच्या साधारण अर्धा तास आधीच झालेली असते, चाकं बाहेर यायची वाट बघत बसलात तर उशीर होतो. सर्दी असेल किंवा नुकताच कान दुखून गेला असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवाच. आणि स्ट्रॉचा सिपर वर गेल्यावर एकदम उघडू नका, केबिनमधला दाब कमी झालेला असतो त्यामुळे आतलं पाणी कारंज्यासारखं उडतं, झाकण हळू सैल करून हवा जाऊ द्या. ह्याच कारणाने पोटातला गॅस पण फुगतो, मूल उगाच किरकिर करत असेल तर डायपर जरा सैल करून कडेवर घेऊन फिरवा.

पहिले दोन तास खेळणी काढूच नका. खिडकी, ट्रे, बेल्टचं बकल, सेफ्टी कार्ड, मागची माणसं, पोराला तेवढंच पुष्कळ नवीन असतं. मग एकेक वस्तू, एक काढली की आधीची आत. पुन्हापुन्हा चिकटवता येणारे स्टिकर, रिकामा डबा आणि त्यात टाकायला मोठे तुकडे, मोठ्या पानांचं चित्रांचं पुस्तक. आवाज करणारं आणि गोल घरंगळणारं काही नको. टॅबवर काय दाखवायचं ते घरीच डाउनलोड करा आणि हेडफोन घालायची सवय आठवडाभर आधी लावा, आवाजाची मर्यादा असलेले मुलांचे हेडफोन घ्या. स्क्रीनचे घरचे नियम त्या दिवशी बाजूला ठेवले तरी चालतील असं मला मनापासून वाटतं, फक्त पोर खुशीत असताना टॅब देऊ नका, तो मागे राखून ठेवा.

झोपेची वेळ झाली की घरचा क्रम जसाच्या तसा करा, तोंड पुसणं, रात्रीचे कपडे, तेच पांघरूण, तीच गोष्ट. विमानातली हवा खूप कोरडी असते म्हणून पाणी थोडं-थोडं देत राहा, आणि मूल झोपलं की तुम्ही पण झोपा, सिनेमा बघू नका. दोघं असाल तर पाळ्या लावा, एकाची पाळी असताना दुसऱ्याने डोळे मिटायचेच, कारण शेवटच्या तीन तासांत निदान एक जण ताजा हवा.

झोप यावी म्हणून सर्दीचं किंवा ॲलर्जीचं औषध देऊ नका. लोक सहज सांगतात, पण बालरोगतज्ज्ञ ह्यासाठी ते द्या असं म्हणत नाहीत, आणि काही मुलं त्याने झोपायच्या ऐवजी उलट जास्त चाळवतात, मग दहा तास बघायला नको.

पोर रडलं तर आजूबाजूच्यांची प्रत्येकाची माफी मागत बसू नका, तुम्ही कावरेबावरे झालात की पोराला ते कळतं. उचला, मागे क्रूच्या जागेपाशी उभे राहा, त्यांना सांगा, बहुतेक वेळा ते मदत करतात.

आता ते शेवटचे तीन तास. केबिनमधले दिवे लागून शेवटचं खाणं यायच्या आधीच पोराला हळूहळू जागं करा, उतरायच्या तोंडावर ओढून उठवलेलं मूल भोकाड पसरणारच. उठलं की लगेच टॉयलेट, कारण खाणं संपल्यावर तिथे रांग लागते. कपडे बदला, तोंड धुवा, आणि मग वरची बॅग उघडा. नवीन खेळणं आत्ता, टॅब आत्ता. लाडका खाऊ मात्र अजून धरून ठेवा, विमान खाली यायला लागलं की तो द्या, खाता-खाता गिळणं आपोआप होतं आणि बेल्टमध्ये हात पण गुंतलेले राहतात. त्यातला थोडा इमिग्रेशनच्या रांगेसाठी खिशात टाका. स्ट्रोलर दाराशी मिळणार का बॅगांच्या पट्ट्यावर ते क्रूला उतरायच्या आधी विचारा, पट्ट्यावर असेल तर पोराला अंगावरच्या कॅरियरमध्ये बांधून घ्या, हात मोकळे राहतात. लहान मुलांच्या कुटुंबांना वेगळी रांग आहे का ते पण विचारा, बऱ्याच विमानतळांवर असते पण कोणी आपणहून सांगत नाही.

पोचल्यावर शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभराने सरकतं, आणि पूर्वेकडे गेलात तर जास्त वेळ लागतो. दिवसा उन्हात-उजेडात फिरवा, दुपारची झोप लांबली तर उठवा, आणि पहिल्या दोन-तीन रात्री उशाशी पाणी आणि खाऊ ठेवा, कारण मध्यरात्री ते भुकेनेच जागं होतं. तेव्हा मोठे दिवे लावू नका, अंधुक उजेडातच खायला द्या आणि परत आडवं करा.