संध्याकाळी पळणाऱ्याचं ग्राउंड पहाटे असेल तर

पोलीस भरतीची तयारी करणारी बरीच मुलं दिवसभर शेतात नाहीतर कामावर असतात आणि संध्याकाळी पाच-सहाला मैदानावर येतात. तिथे त्यांचं 1600 मीटरचं टायमिंग छान बसतं. प्रत्यक्ष ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, मात्र बहुतेक वेळा पहाटे सुरू होतं. तेच पाय, तेच अंतर, आणि घड्याळात काही सेकंद जास्त. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण या एका धावण्याचे (मुलींना 800 मीटर), त्यामुळे हे सेकंद महाग पडतात. मुलं स्वतःला दोष देतात, कुणी म्हणतं दडपण आलं. दडपण असतंच, पण मोठं कारण शरीराच्या आतल्या घड्याळात असतं आणि त्यावर उपाय आहे.

आपल्या शरीराचं तापमान दिवसभर एकसारखं नसतं. पहाटे, साधारण उठण्याच्या दोन-तीन तास आधी, ते सर्वांत खाली जातं आणि संध्याकाळी सर्वांत वर येतं. फरक जेमतेम अर्धा ते एक अंश सेल्सिअसचा, पण गरम स्नायू लवकर आकुंचन पावतात, सांधे मोकळे असतात आणि मेंदूचे हुकूमही झटपट पोचतात. म्हणून जोर आणि वेग लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे 100 मीटर आणि गोळाफेक, बहुतेकांना संध्याकाळी जास्त चांगल्या जमतात. मात्र ज्या वेळेला नियमित सराव कराल, त्या वेळेला शरीर हळूहळू तयार राहायला शिकतं. सकाळ-संध्याकाळचा फरक सरावाने बराच कमी होतो.

आधी स्वतःचा फरक मोजा. एका संध्याकाळी 1600 मीटर पूर्ण जोर लावून पळा. तीन-चार दिवसांनी तेच अंतर पहाटे, त्याच मैदानावर, तेच बूट घालून पळा. दोन्ही आकडे वहीत लिहा. काही जण मुळातच पहाटे ताजेतवाने असतात. त्यांना पुढचं निम्मं लागणारही नाही.

मग उठण्याची वेळ सरकवा. समजा तुम्ही साडेसहाला उठता आणि ग्राउंडच्या दिवशी चारला उठावं लागणार आहे. अडीच तास एका रात्रीत सरकत नाहीत. दर दोन दिवसांनी 20 मिनिटं लवकर उठा, म्हणजे पंधरा-सोळा दिवसांत चारवर याल. झोपही तितकीच अलीकडे आणायची, नाहीतर नुसती झोपमोड होईल. चारला उठायचं तर साडेआठ-नऊला अंथरुणावर पाठ टेकली पाहिजे. घरात टीव्ही चालू असतो, जेवण उशिरा होतं, हे मला माहीत आहे. म्हणून घरच्यांशी आधीच बोला. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे म्हटल्यावर आई साडेसातला ताट वाढते.

आतलं घड्याळ उजेडाने लागतं. उठल्याबरोबर खोलीतला दिवा लावा, उजाडलं की उघड्यावर राहा, आणि झोपण्याआधी तासभर मोबाईल दूर ठेवा. रात्री उशिरापर्यंतचा झगझगीत उजेड घड्याळ उलट्या दिशेला ढकलतो.

अवघड सराव पहाटे न्या. आठवड्यातले निदान दोन दिवस पूर्ण वेगाचा सराव ग्राउंडच्याच वेळी करा. बाकीची मेहनत संध्याकाळी राहिली तरी चालेल. शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र गोळाही पहाटेच हातात घ्या. मुलांचा 7.260 किलोचा आणि मुलींचा 4 किलोचा गोळा थंड खांद्याला वेगळाच जड लागतो, ते आधी अनुभवलेलं बरं.

वॉर्मअपला जास्त वेळ द्या. संध्याकाळी 15 मिनिटं पुरत असतील तर पहाटे 25 ते 30 लागतील. पाच मिनिटं झपझप चाला, दहा-बारा मिनिटं हलकं पळा, मग पाय पुढे-मागे झुलवा, गुडघे उचलून पळा आणि शेवटी 60-80 मीटरचे तीन-चार वेगवान तुकडे मारा. उठल्यापासून पहिला तासभर कमरेतून खोल वाकू नका. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकल्यावर त्यांच्यावर ताण जास्त येतो. पायाचे अंगठे धरण्याचा व्यायाम नंतर करा.

एवढं करून मुलं रांगेत थंड होतात. बॅच कधी लागेल ते सांगता येत नाही, तासभर बसावं लागतं. नाव पुकारेपर्यंत ट्रॅकसूट अंगावरून काढू नका, दर काही मिनिटांनी उठून जागच्या जागी हला, आणि बॅच जवळ आली की दोन छोटे वेगवान तुकडे पुन्हा मारा.

खाणं. धावण्याच्या तास-दीड तास आधी एखाद-दुसरं केळं किंवा चार-पाच खजूर, आणि थोडं थोडं पाणी. चहा रोज घेत असाल तरच घ्या. पहाटे खायची सवयही सरावातच लावा, पोटालाही तालीम लागते.

आदल्या रात्रीचं लिहिताना मला वाईट वाटतं. लांबून आलेली मुलं एसटी स्टँडवर, फुटपाथवर रात्र काढतात. जमलं तर एक दिवस आधी पोचा, ओळखीच्या कुणाकडे अंग टाकायला जागा मागा, संकोच करू नका. तेही जमणार नसेल तर त्याआधीच्या तीन-चार रात्री भरपूर झोपा. एक रात्र गेली तरी तो साठा कामी येतो.

आणि बॅच लांबली, उन्हं वर आली, तर सावलीत बसा, अधूनमधून पाणी प्या, आणखी एक केळं खा. तोवर अंग आपोआप तापलेलं असतं. तेव्हा वॉर्मअप दहा-पंधरा मिनिटांतच उरका, उरलेली ताकद शेवटच्या फेरीसाठी ठेवा.