कबड्डी लीगमध्ये नवीन गावं घ्यायची तर कोणती घ्यायची

राजेहो, लीगचे दोन-तीन सीझन नीट पार पडले की आजूबाजूच्या गावांचे फोन सुरू होतात, आमालेही घ्या म्हणून. मग मंडळाच्या मीटिंगमध्ये जोरात भांडणं, आणि शेवटी बहुतेक ठिकाणी जो संघ मागच्या ओपन टुर्नामेंटमध्ये जिंकला त्यालेच घेतात. माझं मत स्पष्ट आहे, जिंकणं सगळ्यात शेवटी पाहायचं. आधी हे पाहा की तो संघ शेवटच्या रविवारपर्यंत प्रत्येक मॅचला येईल का.

पहिले गणित करा. प्रत्येकानं प्रत्येकासोबत एकदा खेळायचं म्हटलं तर 6 संघांच्या 15 मॅच होतात, 8 च्या 28 आणि 10 च्या 45. म्हणजे 6 चे 8 केले, दोनच गावं वाढली तरी मॅच जवळपास दुप्पट, आणि आपल्याकडे सोयाबीन निघालं की कापूस वेचणी, मग तूर, तिकडे चणा-गव्हाचं ओलित, कबड्डीचे दिवसही हेच, तर पोट्टे किती रविवार मोकळे आहेत ते आधी मोजा. सात संघ करू नका, दर फेरीला एक गाव रिकामं बसते. प्रो कबड्डीनं 2014 चे 8 संघ 2017 ला 12 केले तेव्हा त्यांनीही सहा-सहाचे दोन झोन पाडले होते.

आता अंतर, याच्यावर मी अडून बसतो. नेर, दारव्हा, दिग्रस हा एक पट्टा झाला, पण उमरखेड आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथला संघ कितीही भारी असला तरी रात्री मॅच संपल्यावर पोरं घरी जातील कशी? शेवटची एसटी गेलेली, काळी-पिवळीवाला रात्रीचे डबल मागते, तीन मॅचनंतर चौथ्याला ते येतच नाहीत आणि आपलं टाइमटेबल कोलमडते. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमध्ये काय झालं पाहा, पॅक-12 ही पॅसिफिक किनाऱ्याकडची 1915 पासूनची जुनी कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांची लीग, टीव्हीच्या पैशापायी 2024 ला 12 पैकी 10 कॉलेजं निघून गेली, उरले फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड आता अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळते, म्हणजे मॅचसाठी अख्खा देश ओलांडायचा. शेजारच्या गावासोबतची खुन्नस हीच आपल्या लीगची गर्दी आहे, ती पैशासाठी तोडू नका. म्हणून जास्त वर्गणी देतो म्हणणाऱ्याले जागा विकायची नाही, कितीही मोठा माणूस मागे असो.

मग 12 जणांची यादी मागा, सात खेळणारे आणि पाच राखीव, प्रत्येकाचं आधार पाहा आणि सरळ विचारा की जानेवारीत यातले गावात किती? चांगले रेडर पुण्याले नाहीतर बुटीबोरीले कंपनीत असतात, यादीत नाव असते पण मॅचच्या दिवशी सुट्टी भेटत नाही, मग बाहेरचे प्लेयर पैसे देऊन आणतात आणि तिथूनच वाद सुरू होतात. ज्या गावात शाळेतले पोट्टे रोज संध्याकाळी प्रॅक्टिस करतात ते गाव आज हरत असलं तरी घ्या.

ग्राउंड दिवसा नाही, रात्री जाऊन पाहा, लाइट गेली तर जनरेटर आहे का, बायांना बसायला जागा आहे का, काळ्या मातीवर मुरूम टाकून दाबलाय का. पुरुषांसाठी 13 बाय 10 मीटर लागते, पोरींसाठी 12 बाय 8. पोरींचा संघ देणारं गाव असेल तर माझं मत डोळे झाकून त्यालेच.

पहिलं वर्ष ट्रायल ठेवा आणि तसं लिहून घ्या, दोन मॅचला आले नाही तर बाहेर. मतदान जुन्या सगळ्या संघांचं घ्या, एकट्या अध्यक्षाचं नाही. नावं पोळ्याच्या आधी पक्की करा म्हणजे नव्या गावाले ग्राउंड तयार करायला वेळ भेटते, आणि ज्यांना नाही म्हटलं त्यांना अध्यक्षानं स्वतः फोन करून कारण सांगावं, पुढच्या वर्षी काय सुधारलं तर घेऊ तेही सांगावं.