पावसाआधी वाडीतले गाडलेले लोखंड काढून टाका

गोराई-मनोरीच्या भाजीवाड्या असोत वा आरेतल्या पाड्यांवरची भातखाचरे, मुंबईच्या जमिनीत कुठे ना कुठे भराव पडलेला असतोच. डेब्रिजसोबत आलेले सळईचे तुकडे, बाइंडिंग तार, जुन्या पंपाचे पाइप मातीखाली राहतात आणि जूनमध्ये पॉवर टिलरचे पाते नेमके त्यांच्यावर आपटते. मे महिन्यात रान मोकळे असतानाच मॅग्नेटिक लोकेटर फिरवून घ्या.

हे यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टर नव्हे. काठीच्या दोन टोकांना दोन सेन्सर असतात आणि दोन्हींना जाणवणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातला फरक आवाजातून कळतो. त्यामुळे फक्त लोखंड-पोलाद सापडते. गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची ॲल्युमिनियमची बुचे यांवर ते गप्प बसते, हा आपल्याकडे मोठाच फायदा. पण तांब्याची केबल आणि प्लॅस्टिकची गॅसवाहिनीही त्याला कळत नाही. आवाज आला नाही म्हणजे खाली काही नाही, असे धरून खोल खणू नका.

आधी खिशातल्या किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचे बक्कल, कमरेचा कोयता दूर ठेवा. पोलादी टोपीचे बूटही नकोत. बांबूच्या खुंट्यांना सुतळी बांधून एक-एक मीटरचे पट्टे आखा. लोखंडी खुंटी मारली तर यंत्र तीच शोधत बसेल. संवेदनशीलता मध्यम ठेवून टोक जमिनीपासून वीतभर वर, सावकाश झुलवत चाला. तारेच्या कुंपणापासून दोन-तीन मीटर अंतर सोडा. रुळांलगतच्या मळ्यांत गाडी जाताना थांबा. विजेच्या ट्रामने नोंदी बिघडतील म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला हलवावे लागले होते, यावरून काय ते समजा.

खरी फसगत दगडाने होते. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, जांभ्यातही लोहखनिज असते. असे धोंडे लोखंडासारखेच वाजतात. म्हणून सुरुवातीलाच शेतातले चार दगड टोकासमोरून फिरवून पाहा. ते वाजत असतील तर संवेदनशीलता एक पायरी उतरवा आणि टोक आणखी वर धरा. दगडाळ जागी आवाज सगळीकडे थोडाथोडा चढउतार करतो. सळईचा आवाज एकदम उठतो आणि हातभर पुढे गेले की पडतो.

आवाज लागला की काठी उभी धरून आधी उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम फिरवा. रेषा जिथे छेदतात तिथे चुन्याची फक्की टाका. उभ्या पाइपवर आवाज एकाच जागी येतो. आडवा पाइप बहुधा दोन्ही टोकांना आणि जोडांवर वाजतो, मध्ये शांत. मुंबईत पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र बरेच आडवे असल्याने लहान तुकडा बहुतेकदा सर्वांत मोठ्या आवाजाच्या किंचित उत्तरेला निघतो. खड्डा त्या बाजूला वाढवा. लोखंडात स्वतःचे चुंबकत्व मुरलेले असेल तर मात्र हा अंदाज चुकतो.

खोलीसाठी काठी सरळ वर उचला. फूटभर वर नेताच आवाज मेला तर वस्तू लहान आणि उथळ आहे; तसाच राहिला तर मोठी आणि खोल. खिळा वीत-दीड वीत खोलीपर्यंतच कळतो, बोअरवेलचे लोखंडी केसिंग मात्र तीन-चार मीटरवरूनही. अंतर दुप्पट झाले की वस्तूचे क्षेत्र आठव्या भागावर येते, त्यामुळे लहान तुकडा अगदी जवळूनच वाजतो आणि भरभर चाललात तर निसटतो.

फावडे वापरून झाले की चार पावले लांब ठेवा, नाहीतर पुढची तपासणी त्याचीच होईल. तुकडा निघाल्यावर खड्ड्यात यंत्र पुन्हा धरा. भरावात एकाखाली दुसरा सापडणे नेहमीचे. गंजलेली तार हाताने ओढू नका, हातमोजे घाला. तोफगोळ्यासारखे किंवा बाँबसारखे काही दिसले तर ते न हलवता मागे सरा आणि ११२ वर कळवा. जाड वाहिनी लागली तर खणणे थांबवून पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात विचारा.